जुनी गाडी घेतल्यावर: वॉशिंग आणि ऑइल बदलण्याआधीची तपासणी

जुनी गाडी ताब्यात आली की कोल्हापुरात पहिल्या दोन गोष्टी ठरलेल्या असतात, गाडी वॉशिंगला नेणे आणि ऑइल बदलून घेणे. दोन्ही आवश्यक आहेत, परंतु तपासणी होईपर्यंत त्या थांबवाव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. इंजिनावर साचलेला तेलकट थर गळती कोठून सुरू होते ते दाखवतो, जुने ऑइल इंजिनाच्या आतली स्थिती सांगते, आणि बॅटरीची वायर काढली की गाडीच्या संगणकात साठलेले दोषसंकेत बऱ्याच गाड्यांत पुसले जातात. म्हणून ज्या खुणा पहिल्या दुरुस्तीबरोबर नाहीशा होतात त्या आधी पाहाव्यात आणि ज्या कधीही पाहता येतात त्या नंतर. पुढील यादी याच क्रमाने आहे आणि ती पेट्रोल गाडी डोळ्यांसमोर ठेवून केली आहे.

साहित्य फारसे लागत नाही. प्रखर टॉर्च, साधा मल्टिमीटर (व्होल्ट मोजण्याचे यंत्र), हवेचा दाब मोजण्याचे गेज, एक रुंद पुठ्ठा, पांढरा कागद आणि वही जवळ ठेवावी. मागील मालकाकडून सर्व्हिसची बिले मागावीत आणि त्यांत टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची चाल जुळवून ठेवणारा पट्टा, बदलल्याची नोंद विशेष करून शोधावी. ज्या इंजिनांत चेनऐवजी बेल्ट असतो, त्यांपैकी अनेकांत तो तुटल्यास व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात आणि तुटण्यापूर्वी तो बहुधा कोणतीही सूचना देत नाही. नोंद सापडली नाही, तर बेल्ट बदललेला नाही असेच धरून चालावे.

पहिल्या रात्री गाडी सपाट जागी उभी करून इंजिनाखाली पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी त्यावर पडलेल्या थेंबांचा रंग आणि जागा वहीत लिहावी: काळपट तपकिरी थेंब इंजिन ऑइलचा, हिरवट किंवा गुलाबी थेंब कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा), आणि चाकाजवळ पडलेला पातळ, निसरडा थेंब ब्रेक ऑइलचा असण्याची शक्यता अधिक. यांतील शेवटचा दिसल्यास गाडी रस्त्यावर काढूच नये.

त्यानंतर इंजिन पूर्ण थंड असतानाच बॉनेट उघडावे. रेडिएटरचे झाकण केवळ याच वेळी काढता येते. गरम इंजिनावर ते उघडल्यास उकळते पाणी अंगावर येते. आत गंजाचे तांबूस पाणी दिसले, तर आधीच्या मालकाने कूलंटऐवजी साधे पाणीच ओतत ठेवले होते असे समजावे. डिपस्टिकवरील ऑइल पांढऱ्या कागदावर टिपून घ्यावे. काळे ऑइल चिंतेचे नाही, पण दुधाळ ऑइलचा अर्थ त्यात पाणी मिसळते आहे असा होतो आणि संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांमधील सीलवर, जातो. फक्त ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आत थोडी पांढरट साय असेल आणि डिपस्टिक स्वच्छ असेल, तर ते जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीतील बाष्पाचेही असू शकते. पातळी किमान खुणेच्या खाली असल्यास मात्र तपासणीसाठी थांबू नये. ऑइल भरावे आणि किती भरले ते लिहून ठेवावे.

आता सेल्फ मारावा आणि कोणाला तरी सायलेन्सरमागे उभे करावे. चालू होताना क्षणभर निळा धूर येऊन थांबत असेल, तर रात्रभर व्हॉल्व्ह सीलमधून (व्हॉल्व्हच्या दांड्यावरील रबरी सील) ऑइल झिरपले असावे. निळा धूर सतत येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा (पिस्टन आणि सिलिंडर यांमधली फट बंद करणाऱ्या कड्या) झिजल्या असाव्यात. काळा धूर इंधन जास्त जळत असल्याचे सांगतो. थंडीत सुरुवातीला पांढरी वाफ येणे स्वाभाविक आहे, पण इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि कूलंट कमी होत गेले, तर पुन्हा हेड गॅस्केटकडेच पाहावे. बॅटरीवर मल्टिमीटर लावल्यास उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू इंजिनावर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत.

आपल्या भागात एक तपासणी कोणत्याही परिस्थितीत वगळू नये, ती म्हणजे पुराची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी ओलांडली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि शहरातील अनेक वस्त्यांत गाड्या उभ्या जागी बुडाल्या. अशी गाडी बाहेरून चकचकीत करता येते, परंतु सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला की गुंडाळीतल्या भागावर गाळाची रेघ दिसते. पायाखालचे कार्पेट उचलून खालच्या फोमचा वास घ्यावा, स्टेपनीच्या खड्ड्यातील माती पाहावी, सीटच्या रुळांवरील गंज आणि फ्यूजबॉक्समधील हिरवट थर तपासावा. यांतील दोन-तीन खुणा एकत्र आढळल्या, तर पुढे येणाऱ्या प्रत्येक विद्युत दोषाच्या मुळाशी कनेक्टरमधील गंज असू शकतो हे लक्षात ठेवून मिस्त्रींना तसे आधीच सांगावे. नाहीतर सेन्सरमागून सेन्सर बदलत खर्च वाढत जातो.

इंधनाच्या रबरी नळ्यांकडेही आता विशेष लक्ष हवे. आपल्याच जिल्ह्यातल्या उसापासूनही होणारे इथेनॉल आज पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळलेले असते, आणि जुन्या गाड्यांतील रबर त्या प्रमाणासाठी बनवलेले नव्हते. नळी दाबून पाहावी. ती फुगलेली, चिकट किंवा भेगाळलेली असल्यास लगेच बदलावी, कारण येथील गळती म्हणजे आगीला निमंत्रण आहे.

गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वी टायरच्या बाजूवरील चार अंकी खूण वाचावी. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी फार जुने रबर कडक झालेले असते. इंजिन चालू ठेवून ब्रेक पेडल दाबून धरावे. ते हळूहळू खाली जात राहिले, तर मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणारा भाग) गळत असण्याची शक्यता अधिक. नवी गाडी जोतिबाला नेण्याची आपली रीत मला मनापासून प्रिय आहे, पण त्या घाटात उतरण्याआधी ब्रेक तपासलेले असावेत.

चाचणीसाठी पन्हाळ्याचा रस्ता उत्तम आहे. सपाट भागात मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी सावकाश फिरवावी. टक-टक आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट गेला आहे. वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर बदलणारी घरघर व्हील बेअरिंगची असते. चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढला पण गाडीचा वेग वाढला नाही, तर क्लच प्लेट घसरते आहे. याच चढावर तापमानाच्या काट्यावर नजर ठेवावी, कारण अर्धवट तुंबलेला रेडिएटर गावात फिरताना लक्षात येत नाही. उतारावर गिअरमध्ये गाडी सोडून, मग एकदम ॲक्सिलरेटर दिल्यावर मागे निळा धूर उठला, तर व्हॉल्व्ह सील आणि गाइड (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ती नळी) यांवरचा सकाळचा संशय पक्का होतो.

एवढे हाती आल्यावर गॅरेजला जावे. एप्रिल २०१३ नंतरच्या गाडीत स्कॅनर लावून दोषसंकेत आधी लिहून घ्यावेत, मगच पुसू द्यावेत. रिंगांचा किंवा हेड गॅस्केटचा संशय असेल, तर इंजिन उघडण्यास संमती देण्याआधी प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना आत तयार होणारा दाब) मोजण्याचा आग्रह धरावा. ज्या सिलिंडरचे माप कमी येईल त्यात थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजावे: माप वाढले तर रिंगा, न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हेड फेसिंगपासून (हेडचा पृष्ठभाग सपाट करणे) रिबोअरपर्यंतची (झिजलेले सिलिंडर कापून मोठे करणे) कामे होतात, परंतु यांतील कोणते काम हवे हे या दोन मापांवरून ठरले पाहिजे.

दुरुस्तीचा क्रम ब्रेक, टायर आणि स्टिअरिंगपासून सुरू करावा. नंतर कूलिंग आणि टायमिंग बेल्ट, आणि त्यानंतर ऑइलची गळती. इंजिनाच्या तक्रारीसाठी एका वेळी एकच गोष्ट बदलून गाडी काही दिवस चालवावी, म्हणजे फरक कशाने पडला ते कळते. काढलेला प्रत्येक जुना पार्ट मिस्त्रींकडून मागून घ्यावा आणि त्यावरची झीज वहीतल्या नोंदीशी ताडून पाहावी. घसरणारी म्हणून बदललेली क्लच प्लेट जाडजूड निघाली, तर दोष प्रेशर प्लेटमध्ये (क्लच प्लेट दाबून धरणारा भाग), केबलमध्ये किंवा प्लेटवर आलेल्या ऑइलमध्ये शोधायचा राहिला आहे.