कागदाची आयात : दोन देश ताडून पाहताना या चुका टाळा

बी.कॉम.च्या प्रकल्पाला 'भारत आणि चीन : कागद व पुठ्ठ्याची आयात' हा विषय घेतला, की पहिली गडबड डॉलरच्या आलेखात होते. रेघ वर गेली, म्हणजे आयात वाढली असं लिहून पोरं मोकळी होतात. कापसाचा चुकारा जास्त आला म्हणून यंदा पीक जास्त झालं, असं वणीचा शेतकरी म्हणेल का? तो आधी भाव विचारेल. २०२१ साली जहाजाचं भाडं कडाडलं होतं, आणि आयातीच्या किमतीत हे दोन्ही देश भाडं नि विमा धरतात. कागद तेवढाच आला तरी रक्कम फुगते. म्हणून टनांचा रकाना आधी, डॉलरचा नंतर. रकमेला टनांनी भागून भाव काढा. तो एखाद्याच वर्षी दसपट दिसला, तर बाजाराला कारण विचारत बसू नका, रकान्याचं डोकं वाचा : किलो की टन, डॉलर की हजार डॉलर?

दुसरी चूक जास्त खोल आहे. सीमाशुल्काच्या यादीत मालाची क्रमांकवार प्रकरणं असतात; कागद आणि पुठ्ठा ४८ व्या प्रकरणात येतात. लगदा आणि रद्दी मात्र ४७ व्यात, छापील पुस्तकं ४९ व्यात. चीनने २०१८ पासून न निवडलेली मिश्र रद्दी घेणं बंद केलं आणि २०२१ पासून सगळ्याच घनकचऱ्याची आयात थांबवली. तिथल्या गिरण्यांचा कच्चा माल अडला. मग रद्दीऐवजी तयार क्राफ्ट कागद (खोक्यांचा जाड तपकिरी कागद) आणि रद्दीपासून केलेला लगदा बाहेरून येऊ लागला. नुसतं ४८ वं प्रकरण पाहणाऱ्याला वाटेल, चिनी माणसाची कागदाची भूक अचानक वाढली. वाढली नव्हती, फक्त माल वेगळ्या रूपात आला. ४७०७ या रद्दीच्या संकेतांकाचे आकडे शेजारी मांडल्याशिवाय ही तुलना करूच नये, असं माझं ठाम मत आहे.

खोक्यांचं तर विसरूनच जातात. वरूडची संत्री पुठ्ठ्याच्या पेटीत भरून बांगलादेशला गेली, तर तिकडे नोंद संत्र्यांची होते, पेटी कागदात धरत नाहीत. चीनहून नागपुरात आलेल्या टीव्हीच्या खोक्याचंही तेच. तेव्हा 'आयात' म्हणजे 'वापर' नव्हे.

वर्षाचा घोळ सोपा आहे, तरी नेहमी होतो. आपल्या वाणिज्य मंत्रालयाचं वर्ष एप्रिल ते मार्च, चीनचं जानेवारी ते डिसेंबर. महिन्याचे आकडे घेऊन एकच वर्ष जुळवा.

कारणं लावतानाही घाई नको. वृत्तपत्री कागदावर भारताने २०१९ च्या अर्थसंकल्पात १० टक्के शुल्क लावलं, २०२० मध्ये ते ५ टक्क्यांवर आणलं. शुल्क उतरलं आणि पाठोपाठ टाळेबंदी आली, पेपर घरोघरी जाणंच थांबलं. २०२० ची आयातीतली घसरण एकट्या शुल्काच्या माथी मारता येत नाही, आणि शुल्क कमी केल्याचा काही परिणामच झाला नाही असा निष्कर्षही निघत नाही.

तक्त्यात रिकामी चौकट दिसली तर तिथे शून्य भरू नका. त्या वर्षी देशाने आकडा कळवलाच नसेल. विकणाऱ्या देशांच्या निर्यातीवरून अंदाज बांधता येतो, पण निर्यातीच्या किमतीत भाडं नसतं, त्यामुळे रक्कम थोडी कमीच येईल. आलेखावर तो ठिपका वेगळ्या रंगात काढा आणि खाली तसं लिहा.