जुनी कॅम्पर बस पहिल्यांदाच घेतलीय? मग रंगाच्या आधी हे करा

आमच्याकडे १९७३ची फोक्सवॅगन टाइप टू आहे, बे विंडो (पुढे एकच मोठी वळणदार काच असलेलं मॉडेल), १६०० सीसीचं एअरकूल्ड इंजिन, आत फोल्डिंग बेड आणि दोन बर्नरची शेगडी. राहतो इंग्लंडात, ब्रिस्टलला. बस घेतली तेव्हा मला स्टेपनी बदलण्यापलीकडे गाडीतलं काही येत नव्हतं, आता साधी सर्व्हिसिंग सगळी घरीच करतो. ओळखीतल्या दोघातिघांनी अलीकडे अशाच बस घेतल्या आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच की रंग कुठे करून घेऊ. रंगाचं राहू द्या हो. आधी इंजिन जिथे आहे ते मागचं झाकण उघडा आणि पेट्रोलचे पाईप बघा.

हे मी पहिलं सांगतोय कारण या बस जळतात आणि बहुतेक वेळा पेट्रोलच्या पाईपामुळेच जळतात. टाकी इंजिनच्या पुढ्यात, मध्ये फक्त एक पत्र्याची भिंत, आणि रबरी पाईप कधीचे आहेत ते कुणालाच माहीत नसतं. त्यात इथे सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल म्हणजे ई१०, इथेनॉल जास्त, आणि जुनं रबर इथेनॉलला टिकत नाही, कडक होतं नाहीतर फुगून भेगाळतं. तर सगळे पाईप बदला, इथेनॉलला चालणारा आर९ मार्कचाच पाईप घ्या, प्रत्येक जोडाला क्लिप लावा, आणि शक्यतो सुपर पेट्रोल भरा, ते ई५ असतं. आमच्या बसमध्ये आधीच्या मालकाने प्लॅस्टिकचा फिल्टर पंप आणि कारबोरेटरच्या मधे लटकवला होता, म्हणजे बरोब्बर गरम इंजिनच्या डोक्यावर. बरेच जण तसंच लावतात. फिल्टरचं वजन आणि हादरे, पाईप निसटला की पेट्रोल थेट डिस्ट्रिब्युटरवर, म्हणजे प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डब्यावर. तो काढून खाली गिअरबॉक्सच्या बाजूला, पंपाच्या आधी लावला. आणि अग्निशामक सिलेंडर ड्रायव्हरच्या हाताशी ठेवा, मागे बेडखाली ठेवून उपयोग नाही.

मग बसचं नेमकं वर्ष काढा. चॅसी नंबर दहा आकडी असेल तर तिसरा आकडा म्हणजे मॉडेलचं वर्ष, ३ असेल तर १९७३. पण त्यांचं मॉडेल वर्ष ऑगस्टात सुरू व्हायचं, म्हणून कागदावर डिसेंबर १९७२ असलं तरी बस ७३चीच असू शकते आणि पार्ट तसेच मागवावे लागतात. पुढचे इंडिकेटर खाली बंपरपाशी असतील तर ७२ किंवा आधीची, वर जाळीच्या दोन्ही बाजूंना असतील तर ७३ किंवा नंतरची. इंजिनही बघून घ्या, काही बसना १७०० ते २००० सीसीचं चपटं इंजिन आहे, त्याचा हिशोब वेगळा. पुढे लिहिलंय ते १६००चं.

ऑइल. यात जेमतेम अडीच लिटर ऑइल बसतं आणि हल्लीच्या गाड्यांसारखा फिल्टर नाही, फक्त एक जाळी आहे. म्हणून दर ३००० मैलांना, म्हणजे साधारण ५००० किलोमीटरला बदलायचंच, आणि बस कमी फिरली तरी वर्षातून एकदा. मी २०डब्ल्यू५० मिनरल वापरतो. इंजिन कोमट असताना ऑइल काढा, खालच्या गोल प्लेटचे ६ नट काढून जाळी पेट्रोलने धुवा (बाहेर उघड्यावर), दोन्ही गॅस्केट आणि तांब्याचे वायसर नवे. आता महत्त्वाचं, हे ६ नट फक्त ७ न्यूटन मीटरला आवळायचे, म्हणजे मनगटाच्या जोराने, खांद्याच्या नाही. इंजिनचं केसिंग मॅग्नेशियमचं आहे, मऊ. मी पहिल्याच वेळी थोडं गळतंय म्हणून अजून आवळत गेलो आणि स्टडचे आटे गेले, पुढे तो दुरुस्त करून घ्यायला अख्खा आठवडा बस उभी. गळत असेल तर गॅस्केट बदला, आवळू नका.

आता टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व आणि त्याला दाबणाऱ्या स्क्रूमधला गॅप लावणं. या बसचं सगळं आयुष्य माझ्या मते या एका कामावर आहे, आणि नवीन माणूस नेमका यालाच घाबरतो. जुन्या बुलेटवाल्यांना सांगायला नको. टॅपेट थोडे टकटक वाजत असतील तर काळजी नाही, गप्प झाले तर काळजी करायची. कारण काय होतं की एक्झॉस्ट व्हॉल्व उष्णतेने हळूहळू ताणला जातो, गॅप कमी होत जातो, आवाज बंद होतो आणि आपल्याला वाटतं वा, इंजिन काय मस्त चाललंय. खरं तर व्हॉल्व पूर्ण बसत नसतो, बसला नाही की त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही, मग तो जळतो, आणि एखाद्या दिवशी डोकं तुटून पिस्टनवर पडतं. तिसऱ्या सिलेंडरचा व्हॉल्व तर जास्तच बघायचा, जुन्या इंजिनांत ऑइल कूलर त्याची हवा अडवायचा म्हणून तो सगळ्यात गरम राहायचा.

काम असं. इंजिन पूर्ण गार हवं, रात्रभर उभी असलेली बस सकाळी घ्या. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक, चाकांना लाकडाची ओट. प्लग काढले की इंजिन हाताने हलकं फिरतं. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा, डायनॅमोच्या पुलीचा नट पान्याने फिरवत रोटर कडेवरच्या खाचेसमोर आणा आणि खालच्या पुलीवरची टीडीसीची (पिस्टन वरच्या टोकाला पोचल्याची) खूण क्रँककेसच्या मधल्या जोडाशी जुळवा, तिथे पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन ठेवा, पुढच्या वेळी शोधाशोध नको. आता एक नंबरचा सिलेंडर तयार. एक नंबर म्हणजे बसच्या मागे उभं राहून पुढे बघताना उजवीकडचा पुढचा, त्याच्या मागे दोन, डावीकडे पुढे तीन, मागे चार. व्हॉल्व कव्हरची तार खाली ओढून कव्हर काढा, दोन्ही व्हॉल्वना ०.१५ मिलिमीटरची फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) घाला. ती किंचित घासत सरकली पाहिजे, अडकायलाही नको आणि सैलही नको. लॉकनट सैल करून स्क्रू फिरवा, मग स्क्रू धरून नट आवळा आणि परत मोजा, कारण आवळताना गॅप हमखास बदलतो. मग खालची पुली अर्धा फेरा उलटी, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध, की दोन नंबर येतो, तसंच तीन, चार. कव्हरला नवं कॉर्क गॅस्केट. मला पहिल्यांदा अख्खी दुपार लागली, आता पाऊण तास. आणि प्रत्येक वेळी कुठल्या व्हॉल्वचा गॅप किती मिळाला ते वहीत लिहा. एकच व्हॉल्व दर वेळी घट्ट मिळत असेल तर तो जायच्या मार्गावर आहे, लांबच्या ट्रिपला निघू नका, हेड उघडून घ्या.

कूलिंगबद्दल थोडं. लहानपणी आम्ही वऱ्हाडाच्या मॅटाडोरमधून जायचो, घाटात इंजिन तापलं की ड्रायव्हर बाजूला घेऊन पाणी ओतायचा. इथे ओतायला पाणीच नाही, हवा आणि ऑइल एवढंच. हवा फेकणारा पंखा डायनॅमोच्याच शाफ्टवर असतो आणि एकाच बेल्टवर दोन्ही चालतं, म्हणून चालत्या गाडीत चार्जिंगचा लाल दिवा लागला की ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ असं करायचं नाही, जागा मिळेल तिथे लगेच थांबायचं आणि बेल्ट बघायचा. बेल्ट अंगठ्याने दाबला की साधारण १५ मिलिमीटर दबला पाहिजे. सैल असेल तर पुलीच्या दोन तबकड्यांमधला एक वायसर काढून बाहेरच्या बाजूला नटाखाली ठेवा, तिथेच राहिला की हरवत नाही. इंजिनच्या भोवतीचं रबरी सील आणि सगळे पत्रे जागेवर हवेत, नाहीतर खालची गरम हवा वर येऊन पंख्यात परत शिरते. चढावर टॉप गिअरमध्ये रेटू नका, खालचा टाका, पंखा जोरात फिरू द्या.

डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा गॅप ०.४ मिलिमीटर, प्लगचा ०.६ ते ०.७, टायमिंग मात्र इंजिन नंबर बघूनच लावा. ब्रेक ऑइल २ वर्षांनी बदला. पुढचं टोक जॅकवर उचलून, घोड्या (पक्के स्टँड) लावून, पुढच्या आडव्या बीमचे ४ निप्पल आणि मधल्या लिव्हरचा १, नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरा. जॅकच्या भरवशावर बसखाली कधीही जायचं नाही.

हीटर एक्झॉस्टच्या भोवतीची गरम हवा आत आणतो. हीट एक्स्चेंजर सडला असेल तर धूरही आत येतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपायच्या जागेजवळ त्याचा अलार्म हवाच, आणि थंडी कितीही असो, शेगडी पेटवून बस ऊबदार करायची नाही. गॅसच्या नळीवर तारीख छापलेली असते, ती बघा.

४० वर्षांवरच्या, फार फेरफार न केलेल्या गाड्यांना इथे २०१८ पासून एमओटीची (गाडीच्या वार्षिक तपासणीची) सक्ती नाही. तरी मी दर वर्षी करून घेतो, लिफ्टवर चढलेली बस अनुभवी माणूस खालून बघतो, ते आपल्याला घरी जमत नाही. त्याला जॅकिंग पॉइंट, बॅटरीखालचा पत्रा आणि सिल (दाराखालची पत्र्याची पट्टी) मुद्दाम ठोकून बघायला सांगा. हिवाळ्यात इथे रस्त्यावर मीठ टाकतात, त्यावरून आलात की त्याच दिवशी खालून पाण्याने धुवा. आणि पावसात कॅम्पिंग करून घरी आल्यावर छताचं कॅनव्हास ओलं मिटून ठेवू नका, कितीही दमलेले असलात तरी दुसऱ्या दिवशी वर करून दिवसभर वाळवा, आमचं पहिलं कॅनव्हास एका ओल्या ऑक्टोबरात असंच काळं पडलं आणि तो बुरशीचा वास उशांमधून वर्षभर गेला नाही.