अणुबॉम्बच्या काळातले जायंट मॉन्स्टर पिक्चर बघायचेत? मग या क्रमाने बघा

पहिली गोष्ट, सुरुवात हॉलिवूडच्या नवीन गॉडझिलापासून करू नका. ते बघून मग १९५४चा जुना लावला की नुसता रबरी सूट आणि खेळण्यातली घरं दिसतात, वीस मिनिटांत माणूस बंद करतो आणि इतका जबरदस्त पिक्चर हातचा जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी १९५३चा 'द बीस्ट फ्रॉम ट्वेंटी थाउजंड फॅदम्स' लावा. आर्क्टिकमध्ये अणुचाचणी होते, बर्फात गाडलेला डायनोसॉर जागा होतो आणि न्यूयॉर्कला येऊन धडकतो, एवढीच गोष्ट. पण यातला प्राणी स्पेशल इफेक्टवाल्या रे हॅरीहाउसेनने हाताने हलवलाय, म्हणजे छोटं मॉडेल, कणभर सरकवायचं, एक फ्रेम शूट करायची, परत सरकवायचं, आणि पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ फ्रेम लागतात. मधे कंटाळा आला तरी थांबा, शेवटचा रोलरकोस्टरचा सीन चुकवू नका.

दुसरा 'देम!', १९५४चा. १९४५ साली पहिला अणुबॉम्ब जिथे फोडून बघितला त्याच न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात मुंग्या राक्षसाएवढ्या होतात. हा रात्रीच बघा. सुरुवातीला बराच वेळ मुंगी दिसतच नाही, वाळवंटात एकटी चालणारी एक लहान पोरगी, एक शब्द बोलत नाही, आणि लांबून वाऱ्यात मिसळलेला तो किर्र आवाज. मुंग्या दिसायच्या आधीच जी भीती बसते ना, ती खरी कमाई.

आता 'गोजिरा', म्हणजे तोच १९५४चा मूळ जपानी गॉडझिला. (आपल्याकडे गोजिरा म्हणजे गोंडस, जपानीत मात्र गोरिला आणि कुजिरा म्हणजे देवमासा यांची जोड आहे.) हा लावायच्या आधी एवढं माहीत असू द्या: १ मार्च १९५४ला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, स्फोट अंदाजापेक्षा खूपच मोठा निघाला आणि त्याची राख 'लकी ड्रॅगन' नावाच्या जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीवर २३ जण होते, सगळे आजारी पडले, त्यातला एक सप्टेंबरमध्ये गेला. पिक्चर रिलीज झाला ३ नोव्हेंबरला. आता पहिलाच सीन बघा, समुद्रात बोट, डोळे दिपवणारा उजेड आणि आग. तिकडच्या थिएटरात बसलेल्यांना तो उजेड कुठून आलाय हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बघताना तीन गोष्टी करा. मूळ जपानीच लावा, खाली सबटायटल. टायटल्स स्किप करू नका, काळ्या पडद्यावर आधी पावलं आणि डरकाळी ऐकू येते. ती डरकाळी संगीतकार अकिरा इफुकुबेंनी डबल बास या व्हायोलिनसारख्या भल्यामोठ्या वाद्याच्या तारेवर चामड्याचा हातमोजा घासून काढलीय, म्हणून हेडफोन लावा. आणि तिसरं म्हणजे गोजिरा पडद्यावर नसतो तेव्हा फोन हातात घेऊ नका, कारण खरा पिक्चर तिथेच आहे. ट्रेनमध्ये एक बाई सहज बोलून जाते की नागासाकीतून कशीबशी वाचले. जळत्या टोकियोत एक आई पोरांना कवटाळून सांगते, आता आपण बाबांकडे जाऊ. नंतर हॉस्पिटलात एका लहान मुलीसमोर गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र, धरतात आणि डॉक्टर नुसती मान हलवतो. तो सीन मी कितीदा बघितला तरी पुढे ढकलू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी गोजिराचीच अमेरिकन आवृत्ती बघा, १९५६ची. रेमंड बर नावाचा नट मधे घालून अमेरिकन पत्रकार उभा केलाय आणि नागासाकीचं ते वाक्य गायब आहे. आदल्या दिवशी मूळ बघितलेला असला की काय काय काढलं ते लगेच खटकतं, म्हणूनच ही आधी बघायची नाही.

मग हलकं काहीतरी हवं असेल तर १९५५चा 'इट केम फ्रॉम बिनीथ द सी', त्यातल्या ऑक्टोपसला पैसे वाचवायला सहाच हात दिलेत, मोजून बघा. आणि रंगीत हवा असेल तर १९५६चा 'रोडान', कोळशाच्या खाणीत सुरू होतो, त्याची जपानी प्रत शोधा.