मुंबईत चित्रप्रदर्शनं बघायला निघालात? आधी वार बघा

वार बघा. गाडीचं तिकीट काढायच्या आधी, रजा टाकायच्या आधी, सोबत कोण येणार हे विचारायच्याही आधी कॅलेंडर उघडा आणि वार बघा. मी मागच्या वर्षी आमच्या चित्रकलेच्या बाईंना घेऊन पुण्याहून मुंबईला गेले, ती सोमवारी गेले. का, तर म्हणे सोमवारी गर्दी नसते. नसतेच. निम्मी दारं बंद म्हटल्यावर गर्दी येणार कुठून?

बाई आता शहात्तरच्या. शाळेतल्या निम्म्या पोरांना त्यांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसवलं, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र घोटून घेतलं. स्वतः मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात शिकलेल्या. ‘एकदा जहांगीर आर्ट गॅलरी बघून यायचंय गं’ असं दोन-तीन वर्षं म्हणत होत्या, आणि मी त्यांना नेलं ते बंद दारं दाखवायला. यंदा परत नेणार आहे, म्हणून ही यादी. तुम्हालाही उपयोगी पडली तर बघा.

तर वाराचं गणित असं. एनजीएमए, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, सोमवारी बंद. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद, आणि शेजारची राणीची बागही बुधवारीच बंद, म्हणजे ‘निदान पेंग्विन तरी बघू’ हीसुद्धा सोय नाही. फोर्ट आणि कुलाब्यातल्या खासगी गॅलऱ्या रविवारी बंद, त्यातल्या बऱ्याच सोमवारीही. जहांगीरचा आठवडा मंगळवारी सुरू होतो आणि सोमवारी संपतो. मंगळवारी सकाळी अकराला जाऊन उभे राहिलात तर कुणीतरी अजून शिडीवर चढून दिव्यांची तोंडं फिरवत असण्याची शक्यता जास्त, आणि सोमवारी उशिरा गेलात तर बाहेरगावच्या चित्रकाराला परतीची घाई. फोर्टातल्या काळा घोडा भागातलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय तेवढं आठवडाभर उघडं. आता वजाबाकी करा. उरले गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार. शनिवारी कॉलेजची पोरं थव्याने येतात, त्यांनी जरूर यावं, पण सोबत वयस्क माणूस असेल तर गुरुवार किंवा शुक्रवार. मध्ये सणाची सुट्टी येत असेल तर पुन्हा चौकशी.

वार बरोबर निघाला म्हणून लगेच स्वतःची पाठ थोपटू नका. तारीखही बघा. जहांगीरमध्ये दर आठवड्याला चित्रं बदलतात, पण खासगी गॅलरीत एक प्रदर्शन महिना-दीड महिना चालतं आणि दोन प्रदर्शनांच्या मध्ये काही दिवस जुनं उतरवणं, भिंती रंगवणं, नवीन लावणं चालू असतं. आमच्या त्या सोमवारी एक गॅलरी उघडी सापडली. मी हरखून बाईंना दोन जिने चढवले. आत पांढऱ्याशुभ्र भिंती, जमिनीवर वर्तमानपत्रं आणि मधोमध रंगाची बादली. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘प्रायमर बरा मारलाय.’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणून फोन करा. इन्स्टाग्रामवर पोस्टर दिसलं, ते सेव्ह करून ठेवलं, म्हणजे तयारी झाली असं नाही. पोस्टरवर चित्र मोठं असतं आणि तारखा मुंगीच्या अक्षरात. दोन दिवस आधी, सकाळी अकरानंतर, प्रत्येक ठिकाणी फोन करा आणि तीनच गोष्टी विचारा. सध्या काय लागलंय, कधीपर्यंत आहे, आणि आम्ही येतोय त्या वारी उघडं आहे का. तिसरा प्रश्न वारासकट विचारा. ‘या आठवड्यात उघडं आहे ना?’ असं मोघम विचारलंत तर ‘हो हो, या ना’ असंच उत्तर येतं. मला आलं होतं.

महिना कुठला, यावर फार बोलत नाही. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. हवा बरी असते आणि सगळ्या गॅलऱ्या आपापलं चांगलं ते तेव्हाच काढतात. जानेवारीत मुंबई गॅलरी वीकेंड असतो, २०१२ पासून. पण काळा घोडा फेस्टिव्हलच्या दिवसांत चित्रं बघायला जाऊ नका. १९९९ पासून चालू असलेला तो उत्सव छानच आहे, गाणं ऐका, हातमागाच्या पिशव्या घ्या, फोटो काढा. चित्रापुढे पाच मिनिटं शांत उभं राहणं मात्र त्या गर्दीत विसरा. पावसाळ्यात ग्रुप शो असतात, नवीन मुलांची कामं दिसतात, पण छत्री दारात ठेवावी लागते आणि निघताना दुसऱ्याचीच आपल्या हातात येते.

गाडी. डेक्कन क्वीन पुण्याहून सव्वासातला, सीएसएमटीला दहा पंचवीस. गॅलऱ्या साधारण अकराला उघडतात, त्यामुळे जाताना ती झकास जमते. येताना मात्र तिचं तिकीट काढू नका. ती पाच दहाला सुटते, म्हणजे साडेचारलाच तुमचं लक्ष घड्याळात. त्यापेक्षा सावकाश सातपर्यंत बघा आणि दादरहून शिवनेरी बसने या. सीएसएमटीहून काळा घोडा पायी वीस-पंचवीस मिनिटं, हुतात्मा चौकावरून सरळ. आता भुयारी मेट्रोही आहे, सीएसएमटीपुढचंच स्टेशन हुतात्मा चौक, पण एका स्टेशनासाठी एवढं खोल उतरून परत वर यायचं? सोबत बाई असतील तर टॅक्सी.

पिशवी लहान घ्या. मोठी बॅग संग्रहालयात दारातच जमा करावी लागते, मग औषध, चष्मा, पाणी सगळं तिच्यातच राहतं. चष्मा. जवळचा आणि लांबचा, दोन्ही. शहाण्या माणसाला सांगायला नको, पण चित्रं बघायला जाताना बाई जवळचा चष्मा घरी विसरल्या होत्या आणि बंद दारांवरच्या पाट्या मी त्यांना वाचून दाखवत होते. आधारकार्ड ठेवा, ज्येष्ठ नागरिकांच्या सवलतीला लागतं. बूट-चपला पायाला सरावलेल्या. डबा घेतलात तर कुठे खाणार ते आधी ठरवा, आत चालत नाही.

ज्यांनी मुंबई जुनी पाहिली आहे अशांना नेत असाल तर त्यांच्या डोक्यातला नकाशा आधी विचारून घ्या. बाईंच्या नकाशात जहांगीरच्या आत सामोवार नावाचं उपाहारगृह होतं. ते १९६४ ला सुरू झालं आणि २०१५ ला बंद पडलं, पण त्या सबंध गाडीभर ‘तिथे बसून चहा घेऊ’ म्हणत होत्या आणि मला सांगायचा धीर झाला नाही. त्यांच्या नकाशात केमोल्ड गॅलरी जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर होती. १९६३ पासून होतीच तिथे, २००७ मध्ये फोर्टात प्रेस्कॉट रोडवर गेली, तिसऱ्या मजल्यावर. पंडोल गॅलरी त्यांच्या मते अजून फ्लोरा फाउंटनला, ती आता बॅलार्ड इस्टेटला. तुम्ही म्हणाल गूगल मॅप आहे. आहे ना. पण जुन्या इमारतीत पाटी नखाएवढी असते, जिना अंधारा असतो, वर गेल्यावर बंद दारावर घंटी वाजवावी लागते, आणि कितीतरी लोक ‘हे कुणाचं तरी ऑफिस दिसतंय’ म्हणून खालूनच परत फिरतात. घंटी वाजवा. तिकीट नसतं आणि कोणी हुसकावत नाही.

कुलाब्याच्या गॅलऱ्यांत भाव विचारायला लाजू नका, टेबलावर यादी असते. नावाशेजारी लाल टिकली असली की ते चित्र विकलं गेलेलं. घ्यायचं नसलं तरी यादी वाचावी, ब्लड प्रेशरची गोळी घेऊन.

जहांगीरला मात्र वेळ द्या. १९५२ ला सुरू झालेली ही जागा, आणि तारीख मिळायला चित्रकार अजूनही वर्षानुवर्षं रांगेत थांबतात. त्यामुळे तिथे चित्रापेक्षा चित्रकाराला भेटण्याची मजा आहे. सांगलीचा, जळगावचा, कोकणातला कोणीतरी स्वतःच्या चित्रांखाली खुर्ची टाकून बसलेला असतो, समोर अभिप्रायाची वही. ‘छान’ एवढंच लिहून पळू नका. कुठला रंग, किती थर, कागद कुठला ते विचारा, माणूस खुलतो. बाहेर फुटपाथवर बसलेले चित्रकारही बघा, दहा-पंधरा मिनिटांत पेन्सिलीने चेहरा काढून देतात.

त्या सोमवारी अशाच एका दालनात आम्ही साडेपाचला पोचलो. खाली टेम्पो लागलेला. दोन पोरं चित्रं उतरवून बबल-रॅपमध्ये गुंडाळत होती, चिकटपट्टी ओढल्याचा तो चर्र आवाज हॉलभर. बाई दारातच थांबल्या. मग एका पोराजवळ जाऊन म्हणाल्या, ‘बाळा, हे एवढं एक उघडशील का रे?’ त्याने वर बघितलं, काही न बोलता पट्टी सोलली, प्लास्टिक बाजूला केलं आणि चित्र दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा राहिला. जलरंगातलं नदीकाठचं निसर्गचित्र, घाट, दोन होड्या. बाई पुढे-मागे होत मिनिटभर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘आकाश शेवटी केलंय याने.’ कोपऱ्यात खोकी बांधत बसलेला माणूस उठून आला. ‘कसं ओळखलंत?’ तोच चित्रकार. ‘झाडाच्या कडेशी निळा थबकलाय,’ बाई म्हणाल्या. दिवसभरात आम्ही पाहिलेलं ते एकमेव चित्र. सोमवारी गेल्यावर असं होतं. वार बघा.

एनजीएमए. कावसजी जहांगीर हॉलची १९११ ची इमारत, आत १९९६ पासून संग्रहालय. मजल्यामागून मजले चढत घुमटापर्यंत जायचं असतं. गुडघे दुखत असतील तर लिफ्टची चौकशी दारातच करा, आणि शेवटचा मजला चुकवू नका, घुमटाखालच्या त्या गोल भिंतीवर कुठलंही चित्र वेगळंच दिसतं. इथेही प्रदर्शनं बदलताना मजले बंद ठेवतात, म्हणजे पुन्हा तेच, फोन. सोमवारी बंद हे सांगितलं ना? सांगितलं. परत सांगते.

वस्तुसंग्रहालय एवढं मोठं आहे की ‘जाता जाता बघू’ म्हणालात तर बाकी सगळं राहिलं. आत जे तात्पुरतं प्रदर्शन लागलेलं असेल तेवढंच बघून बाहेर या. लघुचित्रं पुन्हा कधीतरी.

डिझाइन, वास्तुरचना असलं बघायचं असेल तर बॅलार्ड इस्टेटमधल्या जुन्या बर्फाच्या कारखान्यात आता इफबी नावाची जागा आहे, आणि गिरगावात खोताच्या वाडीतली ४७-ए ही गॅलरी. बीकेसीला नीता अंबानी सेंटरचं आर्ट हाउस, पण ते दुसरं टोक, त्याचा वेगळा दिवस करा. एका दिवसात काळा घोडा आणि बीकेसी दोन्ही करणारा माणूस टॅक्सीच जास्त बघतो.

भायखळा जमलं तर. सीएसएमटीहून लोकलने दहा मिनिटं. भाऊ दाजी लाड १८७२ चं, हिरव्या-सोनेरी खांबांचं, मातीच्या छोट्या बाहुल्यांमधून जुन्या मुंबईतले धंदे दाखवलेले, आणि त्यांच्याच मधोमध आजच्या चित्रकारांची कामं मांडतात. आवारात घारापुरीचा दगडी हत्ती, जो १८६४ मध्ये हलवताना तुटला होता. आणि ज्या काळ्या घोड्यावरून तुम्ही दिवसभर पत्ते सांगत फिरलात तो खरा घोडा, सातव्या एडवर्डसकट, १९६५ मध्ये हलवलेला, शेजारच्या राणीच्या बागेत आहे. काळ्या घोड्याला उभा आहे तो २०१७ चा, बिनस्वाराचा. बुधवार नको.

जेवण एक ते दोन, उशीर केला की बाईंची साखर उतरते. चार्जर. पाणी. कॅटलॉग फुकट असला तरी प्रत्येक ठिकाणचा उचलू नका, जड होतात. शिवनेरीचं तिकीट आधी काढा. फोटोसाठी विचारा, फ्लॅश नको.

आमचा गुरुवार ठरलाय. पाच फोन झाले, एक राहिलाय, तिथे अकराशिवाय कोणी उचलत नाही. बाईंना काल कळवलं. त्यांनी विचारलं, ‘कालनिर्णय बघितलंस का?’ बघितलंय. जवळचा चष्मा आजच पिशवीत टाका म्हटलं.