‘फ्लॅक’ शब्द वाक्यात कसा बसवायचा?

इंग्रजी मथळ्यात ‘फ्लॅक’ दिसला की अर्थ लागतो: टीका. अडतं ते तो स्वतःच्या वाक्यात वापरताना, कारण आपण ‘टीका करणे’ची मराठी जुळणी तशीच इंग्रजीत उतरवतो. त्यापेक्षा ‘टीकेचा धनी होणे’ हा वाक्प्रचार डोळ्यांपुढे ठेवावा.

समजा, सांगलीत कृष्णेवरचा एखादा पूल दुरुस्तीसाठी बंद ठेवला आणि बातमी अशी आहे: ‘पूल बंद ठेवल्याबद्दल रिक्षाचालकांनी पालिकेवर टीका केली.’ मराठीत कर्ता रिक्षाचालक. इंग्रजीत आधी टीका कोणावर झाली ते शोधा आणि त्यालाच कर्ता करा: पालिका. मग क्रियापद, ‘टेक’ किंवा ‘ड्रॉ’. त्यानंतर ‘फ्लॅक’. टीका करणाऱ्यांच्या आधी ‘फ्रॉम’ आणि कारणाच्या आधी ‘फॉर’ किंवा ‘ओव्हर’. वाक्य होतं: ‘द कौन्सिल टुक फ्लॅक फ्रॉम रिक्षा ड्रायव्हर्स फॉर क्लोजिंग द ब्रिज.’

‘फॉर’नंतर पूर्ण वाक्य जोडायचं नाही. ‘फॉर दे क्लोज्ड द ब्रिज’ इथे चूक. नाम तरी हवं, नाहीतर ‘क्लोजिंग’सारखं ‘आयएनजी’ रूप.

टीका करणाऱ्यालाच कर्ता ठेवायचा असेल तर ‘गिव्ह’ घ्या: ‘रिक्षा ड्रायव्हर्स गेव्ह द कौन्सिल फ्लॅक.’ मात्र ‘फ्लॅक्ड द कौन्सिल’ लिहू नका. टीका करणे या अर्थी तो क्रियापद म्हणून चालत नाही. क्रियापदच हवं असेल तर ‘क्रिटिसाइझ’ आहे, पण तिथेही आपला ‘वर’ आडवा येतो. ‘पालिकेवर’ म्हणून ‘क्रिटिसाइझ्ड ऑन द कौन्सिल’ लिहिलं जातं. त्यातला ‘ऑन’ काढून टाका.

शब्द अगणनीय आहे. ‘अ फ्लॅक’ नाही, ‘मेनी फ्लॅक्स’ नाही; ‘सम फ्लॅक’, ‘अ लॉट ऑफ फ्लॅक’. आपल्याकडच्या बातम्यांत ‘कम अंडर फ्लॅक’ सर्रास दिसतं. ती ‘कम अंडर फायर’ आणि ‘कम इन फॉर फ्लॅक’ यांची खिचडी आहे. परीक्षेच्या उताऱ्यात टाळलेली बरी.

अर्थाची छटा नीट पकडायची असेल तर उगम माहीत हवा. विमानविरोधी तोफेला जर्मनमध्ये ‘फ्लीगरअब्वेअरकानोने’ असा लांबलचक शब्द आहे. त्याचं संक्षिप्त रूप म्हणजे फ्लॅक. 8.8 सेंटिमीटरची जर्मन फ्लॅक तोफ दुसऱ्या महायुद्धात गाजली. तिचे गोळे आकाशात फुटत आणि तुकडे चहूबाजूंनी उडत. ‘फ्लॅक जॅकेट’ त्याच काळातलं. इंग्रजीत आधी तो मारा, आणि पुढे टीका, असा अर्थ सरकला. मराठीतला ‘भडिमार’ही तोफांकडूनच टीकेकडे आलेला, म्हणून ‘टीकेचा भडिमार’ हा प्रतिशब्द चपखल बसतो.

म्हणजेच एका मित्राने हळूच दाखवलेली चूक म्हणजे फ्लॅक नव्हे. टीका बोचरी हवी, आणि बहुधा ती अनेकांकडून, उघडपणे होते. नाटकाच्या किंवा कादंबरीच्या समीक्षेलाही तो चालत नाही. तिथे ‘क्रिटिसिझम’ किंवा ‘क्रिटिक’. शब्द अनौपचारिक आहे. मथळा, बोलणं, समाजमाध्यमं इथे ठीक. जिल्हाधिकाऱ्यांना लिहायच्या अर्जात ‘क्रिटिसिझम’च लिहा. सभागृहाने ठराव करून ठपका ठेवला तर ‘सेन्शर’. हा सिनेमाचा ‘सेन्सॉर’ नव्हे, स्पेलिंग तपासूनच पुढे जा.

फ्लॅकचं स्पेलिंग एफ, एल, ए, के. शेवटी ‘ई’ लावला की ‘फ्लेक’ होतो, कॉर्नफ्लेक्समधला. ‘के’आधी ‘सी’ घातलेलं रूपही शब्दकोशांत सापडतं, पण त्याचा अमेरिकेत ‘प्रसिद्धीची कामं पाहणारा माणूस’ असाही अर्थ होतो. ‘सी’ नसलेलंच वापरा.