स्पोर्ट्‌स कार निवडण्याआधी नकाशा वाचा

अश्वशक्तीचे आकडे नंतर बघा. आधी तासाभराच्या टप्प्यातले रस्ते नकाशावर नीट पाहा. सल्ला मागणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो.

अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये १७८५च्या जमीनमोजणी कायद्याची चौकट अजून रस्त्यांत दिसते: मैलामैलावर काटकोनी छेद. तिथे स्टिअरिंगला फारसं कामच नाही. याउलट आल्प्समधल्या स्टेल्वियो खिंडीच्या एकाच बाजूला ४८ हेअरपिन, म्हणजे गाडी जवळपास उलट दिशेला फिरवणारी तीव्र वळणं, आहेत. पण नुसत्या हेअरपिननी मी कंटाळतो. ब्रेक, दुसरा गिअर, पुन्हा ब्रेक. लय लागतच नाही.

खरी मजा मधल्या वळणांत. ८० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ६० किलोमीटरला अंगाला जो बाजूचा ओढा जाणवतो, तोच ४०० मीटरच्या वळणावर हवा असेल तर ताशी १३४ लागतात! म्हणून स्केल लावून त्रिज्या मोजाच. ५० ते १५० मीटरची वळणं सलग असतील, तर माझ्दा एमएक्स-५सारखी हलकी गाडी घ्या. वेगमर्यादेतही ती जिवंत वाटते. लांब सरळ हमरस्ते असतील तर लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जास्त असलेली) जीटी, म्हणजे लांबच्या प्रवासाची आरामदायी वेगवान गाडी, बरी.

उपग्रहचित्रही पाहा. वळणाच्या आत झाडी किंवा कडा असेल, तर जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवा.