बैठकीची वेळ ठरवताना या चुका टाळा

ग्रामीण मराठी साहित्य संमेलनाची तयारी असो, वाचनालयाची वार्षिक सभा असो किंवा माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागात अशा कामांचे घोडे पहिल्या बैठकीच्या वेळेपाशीच अडते. 'सर्वांना कधी जमेल ते कळवा' असा निरोप ग्रुपवर जातो, चार जण अंगठा दाखवतात, दोघे 'बघून सांगतो' म्हणतात, बाकीचे गप्प राहतात आणि बघता बघता आठवडा निघून जातो.

मूळ चूक त्या प्रश्नातच आहे. 'कधी जमेल?' असे मोघम विचारले की प्रत्येकाला आपला सगळा आठवडा डोळ्यांसमोर आणावा लागतो, आणि ते काम माणूस उद्यावर ढकलतो. त्याऐवजी निमंत्रकाने तीन निश्चित वेळा पुढे ठेवाव्यात आणि 'यांपैकी कोणत्या वेळी अजिबात जमणार नाही?' एवढेच विचारावे. सवड सांगताना माणूस घुटमळतो, अडचण मात्र चटकन सांगतो. उत्तरासाठी दोन दिवसांची मुदत द्यावी आणि जे तरीही गप्प राहतील त्यांना फोन करावा, कारण सीमाभागातल्या खेड्यांत ग्रुप न वाचणारी कामाची माणसे पुष्कळ आहेत.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. आमच्या संमेलनाच्या तयारीची बैठक मी सलग तीनदा संध्याकाळी सातला ठेवली, कारण शहरातल्या कामावरून घरी यायला मला साडेसहा वाजतात. आमचे खजिनदार तिन्ही वेळा आले, पण दाराजवळच बसले आणि विषय निघाला की 'तुम्ही ठरवा, मला मान्य आहे' एवढेच म्हणत राहिले. तिसऱ्या वेळी वर्गणीची वही द्यायला मी दाराशी गेलो, तेव्हा त्यांच्या चपलांशेजारी ठेवलेला दुधाचा कॅन मला दिसला. धार काढून ते तसेच बैठकीला येत होते आणि डेअरी बंद होण्याआधी तिथे पोहोचण्याची त्यांची धडपड चालली होती. पुढची बैठक रात्री साडेआठला घेतली, तेव्हा ते प्रथमच मांडी घालून बसले आणि तीन बैठकांत न सुटलेला वर्गणीचा हिशेब त्या रात्री पुरा झाला. तीन वेळा मी त्यांना एका शब्दाने विचारले नाही, याची खंत मला अजून वाटते.

म्हणून वेळ सुचवण्याआधी माणसांचा दिवस माहीत करून घ्यावा. डेअरीला दूध घालण्याची वेळ सकाळ-संध्याकाळ ठरलेली असते. पंपाची थ्री फेज वीज ज्या आठवड्यात रात्री येते, त्या आठवड्यात शेतकरी पाणी पाजायला रानात असतो आणि रात्री साडेआठची सोयीची वेळही त्याच्यासाठी निरुपयोगी ठरते. खानापूर आणि बेळगाव तालुक्यांत भाताच्या रोप लावणीचे दिवस टाळावेत आणि ऊसतोड आलेल्या घरातल्या माणसाला त्या आठवड्यात गृहीत धरू नये. उद्यमबागेतील कारखान्यांत काम करणाऱ्यांना वार विचारण्याऐवजी पाळी विचारावी. महिला सदस्य असतील तर दुपारची दोन ते चार ही वेळही यादीत हवी. ती बहुतेक पुरुष निमंत्रकांना सुचतच नाही. उलट, यात्रेच्या आधी ज्या गावात वार पाळला जातो तिथे त्या दिवशी शेतकाम बंद असते. देवीच्या कार्यक्रमाला धक्का न लावता अशा दिवशी बैठक घेता येते आणि ती चांगली भरते.

सीमाभागाची स्वतःची एक गफलत आहे: समितीतला एक जण बेळगावचा आणि दुसरा चंदगड किंवा कोल्हापूरचा असला की सुट्ट्यांची दोन वेळापत्रके समोरासमोर येतात. कर्नाटकातील शाळांना लांब सुट्टी दसऱ्याला असते, महाराष्ट्रात ती दिवाळीला असते. उन्हाळ्यानंतर इकडच्या शाळा मेअखेरीस भरतात, तिकडच्या जूनच्या मध्यावर. १९ फेब्रुवारीची शिवजयंतीची सुट्टी महाराष्ट्रात आहे, पण बेळगावातील पारंपरिक शिवजयंती आणि चित्ररथांची मिरवणूक वैशाखात असते. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना फेब्रुवारी २०२० च्या अखेरीपासून सर्व शनिवार सुट्टीचे झाले, बँका मात्र दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारीच बंद असतात. १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या आणि सीमाभागातील मराठी माणसांच्या काळ्या दिनाच्या दिवशी, तर बैठक ठेवूच नये. डिसेंबरमध्ये बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरले असताना हलग्याकडील महामार्गाने येणाऱ्यांना अर्धा तास जादा धरावा लागतो.

'सर्वांना' हा शब्दच अनेक बैठकांचा घात करतो, आणि हे साध्या गणिताने दाखवता येते. बारा जणांच्या समितीत प्रत्येक जण सुचवलेल्या वेळांपैकी तीन चतुर्थांश वेळी मोकळा असतो आणि एकाच्या सवडीचा दुसऱ्याच्या सवडीशी संबंध नसतो असे धरले, तर बाराही जण मोकळे असल्याच्या वेळा शंभरात जेमतेम ३ निघतात. तीच समिती आठ जणांवर समाधान मानायला तयार असेल, तर शंभरातल्या ८४ वेळा चालतात. म्हणून आधी गणपूर्ती ठरवावी, ज्यांच्यावाचून निर्णय होऊच शकत नाही अशा दोन-तीन जणांची वेळ प्रथम पक्की करावी आणि उरलेल्यांसाठी त्यांतली सर्वांत बरी वेळ निवडावी. एकाच माणसाची गैरसोय लागोपाठ दोनदा होत असेल, तर तिसरी वेळ त्याच्या सोयीने ठेवणे हे निमंत्रकाचे कर्तव्य आहे.

व्हॉट्सॲपवरील पोलमध्ये १२ पर्यायांपर्यंत देता येतात, पण तीन-चारच द्यावेत आणि एकाहून अधिक पर्याय निवडण्याची मुभा चालू ठेवावी. तिथे कोणी काय निवडले ते सर्वांना दिसते, ही त्याची अडचण आहे. डूडल या वेळ ठरवण्याच्या सेवेवरील मतांचा जेम्स झू, रेशेफ मेयर आणि डेव्हिड पार्क्स यांनी केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. इतरांची मते दिसत असताना लोक अतिशय लोकप्रिय वेळांना तर अधिक होकार देतातच, पण कोणालाच नको असलेल्या वेळांनाही देतात, असे त्यात आढळले. असा होकार मनापासूनचा असेलच असे नाही. अध्यक्षांनी आधी मत दिले की पुढचे हात तिकडेच वळतात, हा आपलाही अनुभव आहे, तेव्हा ज्येष्ठांना शेवटी मत द्यायची विनंती करावी.

वेळ ठरल्यानंतरचा निरोपही घात करू शकतो. 'येत्या रविवारी संध्याकाळी' हे शब्द शुक्रवारी वाचणाऱ्याला एक रविवार सांगतात आणि सोमवारी वाचणाऱ्याला दुसरा. तारीख, वार, ठिकाण, सुरुवातीची वेळ आणि संपण्याची वेळ हे सगळे एकाच निरोपात लिहावे. संपण्याची वेळ बहुतेक जण लिहीत नाहीत, पण खानापूरकडील माणूस शेवटच्या गाडीच्या हिशेबानेच यायचे की नाही ते ठरवतो. परदेशातील सदस्यांसाठी भारतीय वेळेसोबत त्यांचीही वेळ लिहावी: दुबई आपल्यामागे दीड तास आहे, तर लंडन उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते.

एकदा कळवलेली वेळ एका माणसासाठी बदलू नये, कारण ती जमवण्यासाठी कोणी पाळी बदललेली असते, कोणी धार काढायचे काम शेजाऱ्यावर सोपवलेले असते. आणि पुढच्या बैठकीची तारीख, सगळे समोर बसलेले असतानाच, चहा येण्याआधी ठरवून घ्यावी. चहा झाला की गाडी गाठायची असलेले पहिल्यांदा उठतात आणि त्यांची अडचण विचारायची राहून जाते.